आधी मूळ कागद उघडा: आयरिश पूर्वज शोधण्याच्या तीन मोफत साइट

आयर्लंडमधले पूर्वज शोधायचे असतील, तर वंशावळीच्या कुठल्याही साइटची वर्गणी भरण्याआधी तीन सरकारी साइट पालथ्या घाला. एक, नॅशनल अर्काइव्हजची १९०१ आणि १९११ ची जनगणना. दोन, 'आयरिश जिनिऑलॉजी' वरच्या जन्म, विवाह आणि मृत्यूच्या नोंदी. तीन, नॅशनल लायब्ररीने २०१५ मध्ये खुल्या केलेल्या कॅथलिक चर्चच्या वह्या. तिन्ही फुकट आहेत, आणि तिन्हींवर मूळ कागदाचा फोटो बघायला मिळतो. माझ्या लेखी त्यांचं मोल या फोटोंतच आहे.

मी मूळची वाईची, लग्नानंतर आयर्लंडच्या काउंटी क्लेअरमध्ये आले (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी). माहेरी काकांनी जमिनीच्या वादापायी जुने मोडी कागद वाचायला शिकून घेतले होते. त्यांच्या शेजारी बसून मलाही जुनं अक्षर लावायची गोडी लागली. इथे सासूबाईंना त्यांच्या पणजीबद्दल फार कुतूहल. घरात एवढंच ठाऊक होतं, की ती लवकर विधवा झाली आणि तिने सात मुलं वाढवली. त्या पणजीच्या निमित्ताने मी या तिन्ही साइट वापरल्या, आणि आता ओळखीपाळखीतल्यांसाठीही वापरत असते. तेव्हा हा अभिप्राय रोजच्या वापरातला आहे.

जनगणनेपासून सुरुवात करा. पण १९०१ च्या आधीचं काही का नाही, हे माहीत असलं की पुष्कळ मनस्ताप वाचतो. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस स्फोटात आणि आगीत गेलं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनेचे कागद जवळजवळ सगळे तिथे जळाले. १८६१ आणि १८७१ चे त्याच्या कितीतरी आधी सरकारनेच नष्ट करवले होते, आणि १८८१ व १८९१ चे पहिल्या महायुद्धात कागदाची टंचाई म्हणून लगद्यात गेले. अख्ख्या शतकाची माणसं अशी पुसली गेली, याचं मला अजून वाईट वाटतं. १९२२ च्या आधीच्या जनगणनांपैकी पूर्ण उरल्या त्या १९०१ आणि १९११ च्याच. त्यांचा प्रत्येक कागद मात्र घरी बसून बघता येतो.

शोधाच्या चौकटीत आडनाव, नाव, काउंटी, वय असे रकाने आहेत. नवीन माणूस सगळे रकाने भरतो आणि हाती काही लागत नाही. कमी भरा. त्या काळी आडनावाच्या स्पेलिंगला धरबंध नव्हता. त्याच घराण्याच्या आडनावाच्या सुरुवातीचा 'ओ' एका जनगणनेत असतो, दुसऱ्या जनगणनेत गायब होतो. माझी पद्धत सांगते: आडनाव मोकळं सोडायचं, फक्त पहिलं नाव आणि टाउनलँड टाकायचं. टाउनलँड म्हणजे आपल्याकडच्या वाडीसारखा जमिनीचा सगळ्यात लहान तुकडा. देशभरात असे साठ हजारांवर आहेत. त्याचं नाव कळलं की अर्धं काम झालं, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आडनावाच्याही आधी टाउनलँड विचारा. जनगणनेच्या कागदावर जन्मस्थान म्हणून बहुतेक वेळा नुसती काउंटी लिहिलेली असते. तेवढ्यावर चर्च सापडत नाही.

नाव सापडलं की यादीवर थांबू नका, खाली मूळ अर्जांचे दुवे असतात ते उघडा. 'ए' अर्ज कुटुंबाचा: कोण, कुटुंबप्रमुखाशी नातं काय, धर्म, लिहिता-वाचता येतं का, वय, धंदा, आयरिश बोलतात का. 'बी-१' अर्ज घराचा. गणना करणारा पोलिस दारात उभा राहून घराला गुण देई. भिंत दगडाची, विटेची असेल तर एक, मातीची असेल तर शून्य. छप्पर स्लेटचं असेल तर एक, गवताने शाकारलेलं असेल तर शून्य. मग खोल्यांचे गुण, दर्शनी बाजूच्या खिडक्या, आणि बेरजेवरून घराचा वर्ग. जमीन कोणाच्या नावावर आहे तेही त्यातच असतं. 'बी-२' मध्ये गोठा, डुकरांचं खुराडं, कोंबड्यांचं खुराडं, बटाट्याची कोठी, टर्फ (जळणासाठी वाळवलेली दलदलीतली माती) साठवायची शेड, जे असेल त्याचा आकडा. सासूबाईंच्या पणजीचं घर दगडी भिंतींचं, गवती छपराचं, समोर दोन खिडक्या. गाईचा गोठा एक, डुकरांचं खुराडं एक. सासूबाई तो कागद बघून म्हणाल्या, "म्हणजे गाय होती." लहानपणी ऐकलेल्या एका गोष्टीतली गाय त्यांना खोटी वाटत आली होती.

आता जे मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते. १९११ च्या अर्जात विवाहित स्त्रियांसाठी नवे रकाने आले: लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जिवंत जन्मली, त्यातली आज किती हयात आहेत. नियमाप्रमाणे विधवांनी हे भरायचं नव्हतं. पण कितीतरी विधवांनी ते भरलं किंवा भरवून घेतलं, आणि नंतर तपासणाऱ्याने त्यावर रेघ मारली. या पणजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, सहीच्या जागी तिची फुली आहे. तरी तिच्या ओळीत आकडे आहेत: अकरा जन्मली, सात हयात. त्यावर शाईची एकच आडवी रेघ आहे, खालचे आकडे स्वच्छ वाचता येतात. खोडलेला मजकूर टंकलेल्या यादीत मिळेलच असं नसतं, तो फोटोतच बघावा लागतो. घरात सगळ्यांना सातच मुलं ठाऊक होती. गेलेल्या चार मुलांचा उल्लेख तेवढ्या एका खोडलेल्या ओळीत उरला होता. कुणी तरी विचारलं तेव्हा तिने अकराच सांगितली. मला त्या बाईबद्दल तेव्हापासून फार आदर वाटतो.

वयावर विसंबू नका. १९०१ मध्ये तिचं वय ५८ आहे आणि १९११ मध्ये ७४. दहा वर्षांत सोळाने वाढलं! असं आयर्लंडभर झालेलं दिसतं, आणि त्याचं मोठं कारण १९०८ चा वृद्धापकाळ पेन्शनचा कायदा. जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत मिळू लागले. जन्माची सरकारी नोंद आयर्लंडमध्ये सुरूच झाली १८६४ ला, तेव्हा या म्हाताऱ्यांकडे दाखला कुठला असणार? मग १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेत नाव शोधून द्या असे अर्ज पेन्शनसाठी केले जात. मूळ जनगणना पुढे जळाली, पण शोधाचे ते अर्ज वाचले. तेही नॅशनल अर्काइव्हजने ऑनलाइन ठेवले आहेत. तुमच्या घरातलं कोणी १९०९ नंतर सत्तरीत असेल, तर ते आवर्जून बघा. आईवडिलांची नावं आणि टाउनलँड दोन्ही त्यात मिळू शकतात.

दुसरी साइट, 'आयरिश जिनिऑलॉजी', वापरायला सोपी. जन्म शंभर वर्षांपूर्वीचे, विवाह पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे, मृत्यू पन्नास वर्षांपूर्वीचे, असा नियम आहे. त्या अलीकडचं दिसत नाही. चार मुलांपैकी एक मला इथे सापडलं. १८७३, मुलगी, वय तीन वर्षं, डांग्या खोकला, आणि आजाराच्या रकान्यात पुढे लिहिलंय, डॉक्टर बोलावला नव्हता. मृत्यूची खबर देणारी म्हणून आईचं नाव आणि तिची फुली. नाव ऑनोरा. आता हे लक्षात ठेवा, कारण धाकट्या मुलीचंही नाव ऑनोराच, आणि सासूबाईंची आजी ती हीच. गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या बाळाला ठेवायची रीत तिथे सर्रास होती. एकाच जोडप्याला एका नावाची दोन मुलं दिसली की नोंद दुबार झाली असं समजून एक खोडू नका. आधी मृत्यूच्या नोंदी तपासा.

आणखी एक बारकावा. बाप्तिस्मा आधीचा आणि जन्म नंतरचा, असं उलटं दिसलं तर गोंधळू नका. जन्माची नोंद उशिरा केली की दंड पडे, म्हणून आईबाप तारीख पुढची सांगत. बाप्तिस्मा मात्र बाळ जन्मल्यावर एक-दोन दिवसांतच होई. दोन तारखांत भांडण असेल तर मी चर्चच्या बाजूने जाते.

तिसरी साइट चर्चच्या वह्यांची. इथे सगळ्यांत जास्त चिकाटी लागते, आणि मला ती सगळ्यांत आवडते. कॅथलिक वह्या डब्लिनला न जाता आपापल्या पॅरिशमध्येच (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला विभाग) राहिल्या, म्हणून १९२२ च्या आगीतून वाचल्या. प्रॉटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून जास्त वह्या मात्र त्या आगीत गेल्या. लायब्ररीने विसाव्या शतकाच्या मध्यापासून पॅरिशोपॅरिशी मायक्रोफिल्म केली, आणि ती हजारावर पॅरिशची पानं, साधारण १८८० पर्यंतची, आता ऑनलाइन आहेत. या साइटवर नावाने शोधता येत नाही. नकाशावरून पॅरिश निवडायची, वर्ष आणि महिना लावायचा, आणि पानं उलटत बसायचं. पैसे घेणाऱ्या काही साइटवर याच वह्यांची नावाची यादी मिळते, ती सोय खरीच मोठी आहे. तरी यादीत नाव मिळालं की परत इथे येऊन पान बघाच.

पानं काळी-पांढरी, कुठे शाई उडालेली, कुठे कोपरा उंदराने खाल्लेला. भाषा बरेचदा लॅटिन, पण घाबरायचं कारण नाही. विल्यमचा गुलिएल्मुस, जेम्सचा याकोबुस, जॉनचा योआनेस, ब्रिजेटची ब्रिजिडा, एवढं कळलं की काम भागतं. एका ओळीत तारीख, बाळ, बाप, आई आणि तिचं माहेरचं आडनाव, मग दोन धर्ममातापिता (बाप्तिस्म्याला बाळासाठी उभे राहणारे), नशिबात असेल तर टाउनलँड. धर्ममातापित्यांकडे दुर्लक्ष करू नका. बहुधा ते आईचे किंवा बापाचे भाऊ-बहीण असतात. पणजीच्या माहेरचं घर मला तसंच लागलं. थोरल्या दोन मुलांच्या बाप्तिस्म्याला तिच्याच माहेरच्या आडनावाची एक बाई उभी होती आणि तिचं टाउनलँड शेजारीच लिहिलेलं. तिथून मागे जात जानेवारी १८३९ च्या पानावर पणजीचा स्वतःचा बाप्तिस्मा मिळाला. म्हणजे १९११ मध्ये ती ७२ वर्षांची होती. पेन्शनवर तिचा हक्क होताच.

त्याच वहीत १८४७ नंतरची पानं बघा. आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळाच्या (१८४५ ते १८५२) आधी एका महिन्याला दोन-दोन पानं लागत होती, त्यानंतर एका पानात तीन-तीन महिने बसतात. पाद्र्याचं अक्षर तेच, ओळी कमी. दुष्काळावर मी वाचलं पुष्कळ होतं, पण त्या वहीसमोर मी बराच वेळ काही करू शकले नाही.

चार मुलांपैकी दोघांची नावं लागली, दोघांची नाहीत. कॅथलिक पाद्री दफनाच्या वह्या क्वचितच ठेवत, त्यामुळे १८६४ च्या आधी गेलेलं लेकरू सापडणं अवघडच.

इथे काम करताना घरची आठवण येते, कारण साम्राज्य एकच होतं. आयर्लंडची शिरगणती ३१ मार्च १९०१ ला झाली, हिंदुस्थानची त्याच वर्षी १ मार्चला. म्हणजे माझ्या खापरपणजीच्या दारातही कोणी तरी वही घेऊन आलं असणार. आपल्याकडे मात्र गोषवारे काढून घरोघरचे कागद नष्ट केले गेले, आणि १९४८ च्या कायद्याने आजचे कागदही बंदच असतात. आपला आधार म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना १४, कोतवाल बुक, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या उपाध्यायांच्या वह्या, आणि वसई-गोव्याच्या मंडळींना धर्मग्रामाच्या बाप्तिस्म्याच्या वह्या. कुणबी नोंदींच्या निमित्ताने २०२३ पासून तालुक्या-तालुक्यात मोडी कागद बाहेर निघाले. ते कागद फोटोसकट, फुकट, सगळ्यांना बघता येतील अशी एक साइट महाराष्ट्राला हवीच हवी. आयर्लंडसारख्या लहान देशाला जमलं, ते आपल्याला का जमू नये?

गुण द्यायचे तर जनगणनेला पाचपैकी पाच. जन्म-मृत्यूच्या साइटलाही पाच. चर्चच्या वह्यांना चार, नावाने शोध नाही म्हणून. वर्गणीची साइट घ्यायचीच झाली तर एका महिन्यापुरती घ्या, आणि आधी टाउनलँड, पॅरिश आणि अंदाजे वर्ष हाताशी असू द्या, म्हणजे तो महिना वाया जात नाही. १८८० नंतरचे बाप्तिस्मे हवे असतील तर वह्या अजून पॅरिशमध्येच आहेत. पॅरिशच्या कार्यालयाला पत्र लिहा, नावं आणि वर्षं स्पष्ट द्या, सोबत चर्चसाठी थोडी देणगी ठेवा, आणि उत्तराला वेळ लागला तर ईस्टर किंवा नाताळच्या दिवसांत आठवण करू नका.