पिनलॉक इन्सर्ट: कसाऱ्याच्या थंडीत वापरून

आधीच सांगतो, तुम्ही ठाण्यातल्या ठाण्यात गाडी चालवत असाल, म्हणजे घोडबंदरवरून माजिवडा किंवा फार तर ऐरोली पुलावरून नवी मुंबई, तर पिनलॉकवर, म्हणजे हेल्मेटच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून बसवायच्या पट्टीवर, पैसे घालवू नका. आपल्याकडची थंडी म्हणजे जानेवारीत थोडे दिवस पंखा एकवर. तेवढ्यासाठी हेल्मेटची काच दोन बोटं वर केली की भागतं. भाच्याने विचारलं तेव्हा त्यालाही मी हेच सांगितलं. तो कोपरखैरण्याला जातो.

माझं तसं नाही. मी पोल्ट्रीची औषधं विकतो. राहायला कळव्यात, गिऱ्हाइकं शहापूर, खर्डी, कसारा आणि मुरबाडच्या बाजूला टोकावड्यापर्यंत. पोल्ट्रीवाला सकाळी शेडवर सापडतो; उन्हं वर आली की तो कुठे जाईल त्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून अंधारात निघावं लागतं. खारेगावहून बायपासला लागलं की माणकोली, रांजणोलीपर्यंत ट्रकच्या गर्दीत थंडी कळत नाही. पडघा सुटला की कळते, आणि वाशिंदच्या आसपास भातसेच्या पट्ट्यात ती जॅकेटच्या बाह्यांतून आत शिरते. डिसेंबर-जानेवारीत तिथे काच खाली करून एक मोठा श्वास सोडा, समोरचं सगळं पांढरं. ट्रेलरच्या मागच्या दिव्याचा नुसता लाल डाग उरतो आणि तो पन्नास फुटांवर आहे की दोनशे, ते सांगता येत नाही. काच उघडावी तर डोळ्यांतून पाणी, शिवाय पुढच्या डंपरमधून उडणारी खडी.

हे होतं का, ते थोडक्यात. तोंडातून निघणारी हवा ३४-३५ अंशांची आणि दमटपणाने जवळजवळ भरलेली असते. काच मात्र बाहेरून गार वाऱ्यावर. श्वास काचेला लागला की त्यातलं पाणी बारीक बारीक थेंबांनी तिच्यावर बसतं आणि ते थेंब उजेड विखुरतात. तेवढंच पाणी सलग पातळ थराने बसलं असतं तर आरपार दिसलं असतं. म्हणजे एक तर थेंब धरू द्यायचे नाहीत, नाही तर आतली बाजू गार पडू द्यायची नाही.

पहिल्या वाटेवर सगळे घरगुती उपाय येतात. दाढीचा फेस, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, लहान मुलांचा शाम्पू. लावायचं आणि कोरड्या मऊ फडक्याने काच स्वच्छ दिसेपर्यंत पुसायचं. साबणाने पाण्याचा ताण कमी होतो, थेंब न होता पाणी पसरतं. काम करतं, खोटं कशाला बोलू. पण खर्डीपर्यंत जाईतो त्याचा जीव संपलेला असतो, आणि हात चुकून जास्त लागला तर समोरून येणाऱ्या दिव्यांना इंद्रधनुष्याची कड येते. बाटलीतले अँटी-फॉग स्प्रेही बहुतेक याच तत्त्वावर चालतात. मी स्वतः विकणारा माणूस, बाटली हातात आली की आधी मागचं लेबल वाचतो. दोन वेगवेगळे वापरले. महागडा स्वस्तापेक्षा जास्त टिकला तो वासाने. टूथपेस्ट लावा म्हणणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. काच म्हणतो आपण, पण ती असते पॉलिकार्बोनेटची, टूथपेस्टने ओरखडे पडतात. पेट्रोल, सॅनिटायझर, अमोनिया घातलेला काच पुसायचा स्प्रे, यातलं काहीही तिच्या जवळ आणू नये.

पिनलॉक दुसऱ्या वाटेवरचं. कंपनी नेदरलँड्सची. वस्तू दिसायला काहीच नाही: आतून बसवायची एक पारदर्शक पट्टी, तिच्या चारी कडांना सिलिकॉनची बारीक दोरी. ती दोरी हेल्मेटच्या काचेला टेकते आणि काच व पट्टी यांच्या मध्ये हवा कोंडली जाते. त्या हवेमुळे बाहेरचा गारवा आतल्या पट्टीपर्यंत पोचत नाही. शिवाय ही पट्टी ज्या प्लास्टिकची असते ते स्वतःही थोडी ओल शोषून घेतं. ३०, ७० आणि १२० असे तिचे प्रकार येतात. आकडा मोठा तितकी ती जास्त वेळ तग धरते. माझी ७० ची आहे, बावीसशेला पडली. हेल्मेटच्या मानाने महागच, मी नाकारत नाही.

खरेदीच्या वेळी एक गोष्ट पक्की बघून घ्या. ती कुठल्याही हेल्मेटला बसत नाही. काचेलाच डाव्या-उजव्या टोकांना दोन पिना असाव्या लागतात आणि पट्टी त्या मॉडेलच्या मापाची असावी लागते. ठाण्यातल्या एका दुकानात काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, सगळ्याला बसतं, घेऊन जा." मी म्हटलं, बसवून दाखव. मग तो आतल्या मोठ्या माणसाला बोलवायला गेला आणि आतला मोठा माणूस चहाला गेलेला निघाला. पुढच्या दुकानात सरळ सांगितलं की तुमच्या काचेला पिना नाहीत, आधी पिनांची काच घ्यावी लागेल. तुमच्या हेल्मेटसाठी तशी काच निघतच नसेल तर कडांना गोंद असलेली चिकटवायची पट्टी मिळते. ती एकदाच नीट चिकटते. आयएसआय मार्क असलेलं हेल्मेट २०२१ पासून सक्तीचं आहे, पण त्या मार्कचा आणि पिनांचा काही संबंध नाही. चांगल्या मार्कच्या हेल्मेटलाही पिना नसतात.

बसवणं मी घरी केलं, डायनिंग टेबलवर जुना टॉवेल अंथरून. काच हेल्मेटमधून काढायची, दोन्ही हातांनी ताणून जवळजवळ सपाट करायची, पट्टीचं एक टोक एका पिनेत अडकवायचं, मग दुसरं, आणि काच हळूच सोडून द्यायची. ती आपल्या मूळ बाकात गेली की पट्टी तिच्यावर घट्ट बसते. पट्टीच्या वरचं संरक्षक फिल्म यानंतर काढायचं, आधी काढलं तर बोटांचे ठसे उमटतात. आता काच उजेडासमोर धरून कडेने बघा. सिलिकॉन जिथे टेकलंय तिथे ओलसर दिसणारी गडद रेघ असते. ती सबंध गोल अखंड हवी. माझी उजव्या कोपऱ्यात, नखभर जागेत तुटलेली होती. पिनेचं डोकं तिच्या बरोबर मध्यावर नसतं, जरा एका बाजूला सरकवलेलं असतं, त्यामुळे पीन किंचित फिरवली की पट्टीवरचा ताण बदलतो. थोडी फिरवली, रेघ जुळली. ही रेघ तुटकी ठेवून निघालात तर वाफ काच आणि पट्टी यांच्या मधे शिरते आणि तिथे बोट पोचत नाही. बरेच लोक "पिनलॉक बेकार आहे" म्हणतात त्यांना मी आता पहिला प्रश्न रेघेबद्दल विचारतो.

चालतं का? चालतं. वाशिंद, आसनगाव, खर्डी, काच पूर्ण खाली, जोराने श्वास सोडला तरी पट्टी स्वच्छ. पट्टी पोचत नाही त्या वरच्या कडेला आणि कानांकडच्या टोकांना मात्र वाफ धरते, म्हणजे ती नसती तर काय झालं असतं त्याचा नमुना सतत समोर राहतो. कसारा घाटात धुकं उतरतं तेव्हा काच बाहेरून भिजते, त्यावर याचा काही उपाय नाही. डाव्या ग्लोव्हजच्या अंगठ्याने पुसत राहायचं. अंधारात समोरून हाय बीम आला की दिव्याला एक फिकट जोडदिवा दिसतो. पहिल्या सकाळी दचकायला झालं, आता डोळा तिकडे लक्ष देत नाही. ज्यांना रात्रीच जास्त चालवायचं असतं त्यांनी विकत घेण्याआधी कुणाची तरी घालून बघावी.

पट्टी मऊ असते. बनियनच्या कापडाने कोरडी पुसली तरी चरे पडतात. कोमट पाणी, सौम्य साबण, आणि सावलीत वाळवणं, एवढंच तिला चालतं. घरी आल्यावर काच उघडी ठेवायची, नाही तर शोषलेली ओल तशीच राहते.

आता एक गोष्ट, जी पिनलॉकच्या डब्यावर लिहिलेली नसते. थंडीत आमचे पोल्ट्रीवाले पिल्लांना गारठा लागू नये म्हणून शेडचे पडदे जमिनीपर्यंत सोडतात, मग आत ओल आणि अमोनिया कोंडतो, शेडच्या जमिनीवर पसरलेलं अंथरूण, म्हणजे लिटर, भिजतं, पिल्लं शिंकायला लागतात आणि मला फोन येतो, "साहेब, कुठलं औषध देऊ?" औषध नंतर, आधी वरून वीतभर पडदा उघडा. हेल्मेटचं तेच. वारा लागतो म्हणून हनुवटीची आणि डोक्यावरची झडप बंद करून, खाली कापडी पडदा लावून, वर मफलर गुंडाळला की ती ओल जाणार कुठे? झडपा उघड्या ठेवा. नाकावर बसणारा रबरी ब्रेथ गार्ड बऱ्याच हेल्मेटांबरोबर येतो आणि लोक तो पहिल्याच दिवशी काढून ड्रॉवरमध्ये टाकतात. तो श्वास खाली वळवतो. पिनलॉक घेण्याआधी तो शोधून लावा, शहरातल्या माणसाचं काम बहुतेक तेवढ्यातच होईल.

राहता राहिला चष्मा. काच कितीही स्वच्छ असली तरी पिनलॉक चष्म्याला हात लावत नाही. कानटोपी नाकावर ओढली की श्वास सरळ वर, भिंगांवर. मी ती आता नाकाखाली ठेवतो आणि नाक गार पडू देतो. चष्म्याच्या दुकानात अँटी-फॉग फडकं मिळतं, ते निघताना भिंगांवरून फिरवतो. शहापूरचा पहिला चहा येईपर्यंत ते पुरतं. टपरीवर हेल्मेट काढून वाफाळता कप तोंडाशी नेला की चष्मा पांढरा होतोच, पण तेव्हा गाडी स्टँडवर असते.