सावलीच्या लॉनसाठी फेस्क्यूचे बियाणे: सातारा-सांगलीत घ्यावे का?

‘सावलीत, कमी पाण्यात वाढणारे बारीक पानांचे लॉन’ हा पाकिटावरचा दावा खोटा नाही, पण तो थंड प्रदेशातला आहे. रेड फेस्क्यू, हार्ड फेस्क्यू ही गवते 15 ते 24 अंशांत जोमाने वाढतात. सांगलीत एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. आंब्याखाली ऊन पडत नसले तरी माती तापते, मुळे आखडतात आणि मार्चअखेर पिवळे चट्टे दिसू लागतात. त्यातून जे तगेल ते पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचून कुजते. बारमाही लॉनसाठी यावर पैसे घालू नका.

फक्त हिवाळ्यापुरते अंगण हिरवे हवे असेल तर मात्र हे जरूर लावा, फार देखणे दिसते. दिवाळीनंतर रात्री गार पडू लागल्या की पेरा. काळ्या मातीवर वाळू, पोयटा आणि चाळलेले शेणखत मिसळून 10 सेंमीचा थर द्या, हलका उतार ठेवा. 100 चौरस फुटांना 200 ते 230 ग्रॅम बी पुरते. निम्मे उभे, निम्मे आडवे फेकून दंताळ्याने जेमतेम अर्धा सेंमी झाका, फळीने दाबा. उगवायला दोन आठवडेही लागतात. तोवर बारीक झारीने रोज दोनदा शिंपडा, पाइपच्या धारेने बी वाहून एका कोपऱ्यात जमते. कापणी 6-7 सेंमीवरच करा. युरिया जास्त झाला की पाने लुसलुशीत होऊन बुरशीला बळी पडतात. झाडाची गळलेली पाने रोज झाडून काढा.

खरेदीआधी पाकिटावरची उगवण चाचणीची तारीख बघा. गरम गोदामात उन्हाळा काढलेल्या बियाण्याची उगवण घसरते. ओल्या कागदावर 100 बिया ठेवून पाहा. दोन आठवड्यांत 70 सुद्धा फुटल्या नाहीत तर ते पाकीट परत करा. मिश्रणात रायग्रास (लवकर उगवणारे दुसरे गवत) जास्त असेल तर आठवड्यातच हिरवे दिसते खरे, पण ते फेस्क्यू नव्हे.

बारमाहीसाठी चार-पाच तास ऊन मिळत असेल तर नर्सरीतले कोरियन लॉन घ्या, मात्र आधी लव्हाळ्याच्या गाठी खणून काढा. दाट आंब्याखाली मोंडो ग्रास या गवतासारख्या दिसणाऱ्या झुडुपी वनस्पतीची रोपे 15 सेंमीवर लावा. त्यावर चालता येत नाही, म्हणून मधून फरशीची वाट ठेवा.