१० बिटचे पैसे मोजले, हाती आले ८ बिटचे फुटेज

अंजर्ल्याजवळच्या एका घरगुती निवासाच्या जाहिरातपटाचे संकलन मी घेतले होते. ड्रोनचे चित्रण एका व्यावसायिकाकडे सोपवून, ४के, १० बिट (रंगांच्या अधिक बारीक पायऱ्या) आणि लॉग प्रोफाइल (मुद्दाम फिके टिपून रंग नंतर खुलवायची पद्धत) असे लेखी ठरवून, दिवसाचे १८,००० रुपये कबूल केले. तिसऱ्या दिवशी त्याने ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणून दिला. फुटेज लॉगसारखेच फिकट, धुरकट दिसत होते, म्हणून दोन-तीन क्लिप पाहून मी उरलेली रक्कम तिथल्या तिथे चुकती केली.

ग्रेडिंगला, म्हणजे रंग जुळवायला बसलो तेव्हा सूर्यास्ताच्या शॉटने घात केला. केशरी रंग जरा उचलला की क्षितिजापासून वर, नकाशावरच्या समोच्च रेषांसारखे पट्टे उमटत. पोफळीच्या वाडीवरून ड्रोन पुढे सरकताना झावळ्यांचा हिरवा लगदा होई आणि तो थांबला की पाने पुन्हा सुटी दिसू लागत. चार दिवस मी दोष माझ्याकडेच शोधला: लट (एलयूटी, रंग बदलणारी तयार फाइल) बदलली, नॉइज रिडक्शन काढले, एक्स्पोर्टचा बिटरेट (दर सेकंदाला साठवलेली माहिती) वाढवला, एका स्नेह्याचा मॉनिटरसुद्धा उसना आणला. फोनवर ड्रोनवाल्याचे उत्तर ठरलेले असे, "सर, फुटेज चोख आहे, तुमचं ग्रेडिंग जड होतंय." माझा त्यावर विश्वास बसला, याचीच आज अधिक लाज वाटते.

पाचव्या दिवशी ग्रेडिंगचे सगळे नोड (रंगबदलाचे टप्पे) बंद करून मूळ क्लिप मोठी करून पाहिली, तर तेच पट्टे तिथेही अंधूक दिसत होते. मग मीडियाइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ती फाइल उघडली. बिट डेप्थ ८, बिटरेट जेमतेम १२ एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) आणि एन्कोडरच्या जागी एक्स२६४ हे संगणकावर व्हिडिओ बनवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रोनच्या कार्डावरची नव्हे, संगणकावर नव्याने तयार केलेली फाइल. साधे चित्रण आधी फिके करून लॉगचा आभास निर्माण केला होता. १० बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या १,०२४ पायऱ्या असतात, ८ बिटमध्ये २५६. त्याही फिके करताना दाबल्या गेल्या आणि मी कॉन्ट्रास्ट ताणताच त्यांच्यामधल्या फटी आकाशात पट्टे होऊन दिसल्या. लगदा झाला तो तुटपुंज्या बिटरेटमुळे.

खरे तर तो पेन ड्राइव्हच पुरावा होता. १०० एमबीपीएसने एका मिनिटाला सुमारे ७५० एमबी लागतात, म्हणजे आमच्या ४० मिनिटांच्या फुटेजचे ३० जीबी. ते ८ जीबीत मावतेच कसे, हा हिशेब पैसे देण्यापूर्वी मी केलाच नाही.

मूळ कार्ड मागितले, तर ते चित्रणाच्या संध्याकाळीच फॉरमॅट केल्याचे कळले आणि पुढे फोन उचलणे बंद झाले. हल्ली मी ड्रोनचे मॉडेल आधीच विचारतो, कारण काही लहान ड्रोन १० बिटमध्ये चित्रण करतच नाहीत; जागेवरच कार्डावरून माझ्या डिस्कवर फाइल उतरवून घेतो आणि एक क्लिप मीडियाइन्फोत तपासल्याशिवाय शेवटचा हप्ता देत नाही.

सूर्यास्त मी नंतर किनाऱ्यावरून तिवईवर घेतला. वरून दिसणारी वाडी मात्र मालकांना हवीच होती. ड्रोन सरकू लागण्याआधीचे ५ सेकंद तेवढे ठेवले आहेत.