आठ महिने रिबन स्पीकर ऐकल्यानंतर

पहिल्या संध्याकाळी माझा चक्क हिरमोड झाला होता. रिबन म्हणजे तार स्वर लखलखणार अशी समजूत होती, आणि प्रत्यक्षात ते जुन्या स्पीकरपेक्षा कमीच वाटले. दोन-तीन आठवड्यांनी उलगडा झाला. जुना डोम ट्वीटर, म्हणजे तार स्वर देणारा घुमटाच्या आकाराचा छोटा स्पीकर, प्रत्येक झांजेला स्वतःची एक कड चिकटवत होता आणि तिलाच मी इतकी वर्षं स्पष्टपणा समजत होतो.

आधी रचनेबद्दल. नेहमीच्या स्पीकरमध्ये तारेचं वेटोळं चुंबकाच्या फटीत हलतं आणि पुढच्या कोनाला किंवा डोमला ढकलतं. ही मांडणी राइस आणि केलॉग यांच्या 1925 च्या कामापासून आजतागायत टिकून आहे. रिबनही तितकीच जुनी, शॉटकी आणि गेरलाख यांची 1924 च्या सुमाराची. तिच्यात वेटोळं नाहीच. काही मायक्रॉन जाडीची अॅल्युमिनियमची पट्टी दोन चुंबकांमध्ये सैलसर टांगलेली असते, वीज तिच्यातूनच वाहते आणि हवाही तीच हलवते. डोमला जोर कडेला मिळतो, बाकीचा भाग मागून येतो. रिबनला तो सगळ्या अंगाला एकदम मिळतो.

जाहिरातींत एक घोळ सर्रास दिसतो, म्हणून सांगतो. प्लास्टिकच्या पातळ पडद्यावर धातूच्या पट्ट्या चिकटवलेल्या असल्या तर तो प्लेनर मॅग्नेटिक स्पीकर, खरा रिबन नव्हे. माझ्या उंच पॅनेलमध्ये, म्हणजे फळीसारख्या सपाट स्पीकरमध्ये, खालचे-मधले स्वर असा पडदा देतो. साधारण 3000 हर्ट्झच्या वरचं काम तेवढं खऱ्या रिबनचं.

फरक सर्वांत जास्त जाणवला तो तानपुऱ्यात. जुन्या स्पीकरवर चार तारा मिळून एक छान गुंजन ऐकू यायचं. आता बोट तारेवरून सुटतं तो क्षण वेगळा कळतो, मग जवारी, म्हणजे तारेचा तो झणकार, हळूहळू उमलते, एकेक उपस्वर वर येतो, आणि तो विरत असतानाच दुसरी तार छेडली जाते. स्वर संपल्यावर मागे काही रेंगाळत नाही. गाणाऱ्याने दोन ओळींमध्ये घेतलेला श्वासही तसाच. एवढ्यासाठीच मी हे स्पीकर ठेवले.

तबल्याचा डग्गा मात्र जुन्याच स्पीकरवर ऐकावा. पॅनेलला खोका नसतो, आवाज पुढून आणि मागून उलट दिशेने निघतो, आणि खालच्या स्वरांत हे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. सूर नेमका लागतो, घुमारा खोक्यासारखा दुमदुमत नाही, पण छातीला जाणवणारा धक्का येत नाही तो नाहीच.

मागून येणाऱ्या या आवाजामुळे जागेचाही प्रश्न येतो. सुरुवातीला पॅनेल भिंतीपासून दीड फुटावर होती आणि सगळं गढूळ ऐकू यायचं. महिनाभर इंच-इंच सरकवत शेवटी एक मीटरवर आणली. आता मागचा आवाज भिंतीवर आपटून सुमारे 6 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि गाण्याला खोलपणा मिळतो. नुसत्या जागाबदलाने झालेला हा फरक नव्या अॅम्प्लिफायरने झालेल्या फरकापेक्षा मोठा होता.

अॅम्प्लिफायर बदलावाच लागला. जुन्या स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर निघणारा आवाज, 89 डेसिबल होती, यांची 86, म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॉट. शिवाय भार 4 ओहमचा, म्हणजे विजेला अडथळा कमी आणि प्रवाह जास्त ओढला जातो. माझा आधीचा अॅम्प्लिफायर अर्ध्या तासात तापून बंद पडायचा. रिबन घेणाऱ्याने हा खर्च आधीच धरावा.

बसण्याचंही पथ्य आहे. जमिनीवर बसा नाहीतर खुर्चीवर, सूर तोच राहतो. उभं राहिलं की कान रिबनच्या टोकाच्या वर जातात आणि झांजा एकदम मंदावतात. बाजूलाही आवाज फार कमी जातो, त्यामुळे बाजूच्या भिंतींचा त्रास नाही, पण घरात फिरता-फिरता ऐकणाऱ्याला हे स्पीकर घेऊ नका असंच मी सांगेन.

आणि जपणूक. चौथ्या महिन्यात डाव्या बाजूने बारीक खरखर येऊ लागली. जाळी काढून टॉर्च मारला तर चुंबकाच्या कडेला लोखंडाचा केसाएवढा कण, आणि मोठ्या स्वरात पट्टी त्याला घासत होती. माझ्या श्वासानेसुद्धा ती थरथरत होती, म्हणून तोंडाला रुमाल बांधला, काडीला चिकटपट्टी गुंडाळली आणि तो कण उचलला. हात कापत होते. पट्टी शाबूत राहिली. तेव्हापासून ऐकून झालं की दोन्ही पॅनेलवर सुती कापड घालतो, आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन त्यांच्याजवळ कुणाला फिरकू देत नाही.

जुने स्पीकर विकायचे ठरवले होते, ते विकले नाहीत. बाहेरच्या खोलीत लावले आहेत. चित्रपट आणि तबल्याची मैफल तिथे, तानपुरा आणि गळा इथे.