मूग: शेंगा तोडाव्यात की पीक एकदम कापावे?

सोलापूर जिल्ह्यात खरिपाचा मूग म्हणजे रब्बीच्या मालदांडी ज्वारीच्या आधी हाती लागणारे चार पैसे, आणि वैरण म्हणजे त्यातून उरेल ते, असे बहुतेक जण धरून चालतात. ज्याच्या दावणीला पंढरपुरी म्हशी आहेत त्याने मात्र दाणा आणि वैरण यांचा हिशेब एकत्र मांडून काढणीची पद्धत पेरणीआधीच ठरवावी, कारण वाणाची निवड तिच्यावरच अवलंबून असते.

तोडणीच्या पद्धतीत सुमारे पाऊण हिस्सा शेंगा वाळल्या की पहिली तोडणी होते आणि आठ-दहा दिवसांनी दुसरी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘वैभव’ हा 70 ते 75 दिवसांचा, भुरी या बुरशीजन्य रोगाला दाद न देणारा वाण येथे अधिक सोयीचा. दुसऱ्या तोडणीपर्यंत पाने हिरवी राहिली, तरच नंतर कापलेल्या झाडांना वैरण म्हणून मोल असते. प्रथिने मुख्यतः पानांत असतात, खोडात नव्हे. हा हिरवा पाला एकटा घातल्यास पोटफुगीचा धोका असतो, म्हणून तो कडब्याच्या कुट्टीत मिसळून द्यावा. खरी अडचण मजुरीची आहे. घरची माणसे नसतील, तर दुसऱ्या तोडणीचा माल मजुरीतच जातो.

एकदम कापणीसाठी बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा ‘बीएम 2003-2’ हा वाण घ्यावा. तो 65 ते 70 दिवसांत येतो आणि त्याच्या बहुतेक शेंगा एकाच वेळी पिकतात. मजुरी वाचते, पण शेवटची शेंग वाळण्याची वाट पाहत राहिल्यास पाने गळून जातात आणि मळणीनंतर उरते ते निव्वळ काटक्यांचे भुसकट. दहातील आठ शेंगा पिकताच, पहाटेच्या दवात पाने लवचीक असतानाच झाडे कापून ताडपत्रीवर पातळ पसरली, तर पाला बराचसा वाचतो. असे पाल्यासह आलेले भुसकट प्रथिनांच्या बाबतीत ज्वारीच्या कडब्याला सहज मागे टाकते.

आपल्याकडे सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि जूनच्या उत्तरार्धात पेरलेला मूग नेमका त्याच सुमारास पिकतो. झड लागली की उभ्या झाडावरच शेंगेत मोड येतात. तोडणी करणाऱ्याचा निम्म्याहून अधिक माल तोवर घरात असतो, तर कापणी करणाऱ्याचे सगळेच शेतात असते. शिवाय भिजलेल्या ढिगाला बुरशी चढली, तर ते भुसकट जनावरांपुढे टाकण्याच्या लायकीचे राहत नाही. उलट पेरणी जुलैत गेली असेल, तर दुसऱ्या तोडणीची वाट पाहण्यात रब्बी ज्वारीचा वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, हातचा जातो, आणि तेव्हा एकदम कापणीच बरी.

लागवड दोन्हीकडे सारखीच: 30 बाय 10 सेंटीमीटर अंतर, हेक्टरी 12 ते 15 किलो बियाणे, त्याला रायझोबियम या नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंची प्रक्रिया, पेरताना 20 किलो नत्र व 40 किलो स्फुरद, आणि तीन आठवड्यांच्या आत कोळपणी (ओळींमधील तण काढणारी हलकी मशागत). वैरणीच्या लोभाने दाट पेरू नये. पाला वाढतो, शेंगा घटतात.

दोन-चार जनावरे आणि एखादा एकर मूग असेल, तर तोडणी निश्चितच परवडते. चार-पाच एकरांवर एकदम कापणीशिवाय गत्यंतर नाही. मात्र पीक लवकर वाळावे म्हणून उभ्या मुगावर तणनाशक फवारण्याची चाल पडते आहे, तशा शेतातील भुसकट गव्हाणीत मुळीच टाकू नये.