सिरोसिस असताना अन्ननलिकेचा कॅन्सर दुर्बिणीतून काढला – एंडोस्कोपी विभागाचा अनुभव (४/५)

बाबांना लिव्हर सिरोसिस आधीपासून आहे. व्हेरिसेस (सिरोसिसमुळे अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा) बघायला केलेल्या एंडोस्कोपीत अन्ननलिकेत लालसर चट्टा दिसला आणि बायोप्सीत कॅन्सर निघाला, अगदी सुरुवातीचा. आधी जिथे दाखवत होतो तिथे सांगितलं की अन्ननलिका काढायचं ऑपरेशन या लिव्हरला झेपणार नाही, आणि विषय संपला. दुर्बिणीतून काढता येतं हे कुणी बोललंच नाही, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

इथे मला सगळ्यात पटलं ते हे की कॅन्सरच्या आधी त्यांनी लिव्हर बघितलं. लिव्हर किती बिघडलंय ते सांगणारा चाइल्ड-प्यू स्कोअर काढला (बाबा ए मध्ये, म्हणजे सगळ्यात कमी बिघाडाच्या गटात बसले), प्लेटलेट्स, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), पोटात पाणी आहे का, सगळं बघून लिव्हरचे डॉक्टर आणि एंडोस्कोपीवाले एकत्र बसले. मग आयोडीन फवारून चट्ट्याची हद्द बघितली, चांगलं अस्तर तपकिरी होतं आणि खराब भाग रंगच धरत नाही, स्क्रीनवर तो फिकट डाग मलासुद्धा लगेच कळला. चट्ट्याच्या खालीच फुगलेली शीर नाही ना हे एंडोसोनोग्राफीने (दुर्बिणीतून आतूनच केलेली सोनोग्राफी) तपासलं, कारण तिथे कापताना रक्तस्राव झाला तर अशा पेशंटला महागात पडतं.

ईएसडी केली. म्हणजे चट्ट्याखाली द्रव टोचून अस्तर वर उचलायचं आणि बारीक चाकूने अख्खा चट्टा एका तुकड्यात सोडवायचा. नंतर डॉक्टरांनी तो तुकडा बोर्डवर पिना मारून ताणलेला दाखवला, आक्रसला तर पॅथॉलॉजीत कडा नीट कळत नाहीत म्हणे. खरा निकाल त्या रिपोर्टचाच, कॅन्सर किती खोल गेलाय, कडा स्वच्छ आहेत का, रक्तवाहिनीत शिरलाय का. बाबांचा रिपोर्ट चांगला आला!

एक स्टार कापला तो डिस्चार्जसाठी. काळी शी झाली, रक्ताची उलटी झाली किंवा बाबा असंबद्ध बोलायला लागले तर रात्री कुणाला फोन करायचा हे कागदावर कुठेच नव्हतं, मी मागून घेतलं. सिरोसिसच्या पेशंटला हे पहिल्या ओळीत हवं.

दारू कायमची बंद आणि ठरल्या वेळी एंडोस्कोपी चालूच ठेवायची, कारण अन्ननलिकेत दुसरीकडे नवा चट्टा येऊ शकतो. आणि जाताना आधी बँडिंग (फुगलेल्या शिरा रबर बँडने बांधणं) झालं असेल तर त्याचे कागद नक्की न्या, त्या जागी व्रण धरलेला असला की अस्तर नीट उचललं जात नाही, डॉक्टर पहिलं तेच विचारतात.