ओव्हनमध्ये भाजलेले ब्रेडक्रम्ब्सचे फिले: आठ महिन्यांनंतर

गेले आठ महिने जवळजवळ दर शुक्रवारी रात्री आमच्याकडे ब्रेडक्रम्ब्स लावून ओव्हनमध्ये भाजलेले माशाचे फिले, म्हणजे मधला काटा काढलेले तुकडे, असतात. तीसेक ट्रे तरी झाले असतील. पहिले पाच-सहा सरळ फसले, पुढचे दहाएक ‘चालतंय, खा’ या वर्गातले होते. आता मात्र ट्रे टेबलावर आला की कुणी काही बोलत नाही, सगळे नुसते खायला लागतात. पहिल्या महिन्यात हा अनुभव लिहिला असता, तर ‘ओव्हन म्हणजे चांगला मासा वाया घालवायचं यंत्र’ एवढ्या एका ओळीत संपला असता.

तळणं सोडलं ते तब्येतीसाठी नाही. चौघांसाठी तळायचं म्हणजे दोन-दोन तुकड्यांचे तीन-चार घाणे. पहिला घाणा खाणाऱ्यांचं जेवण संपतं तेव्हा तळणारा अजून गॅसपाशीच. आमच्याकडे तळणारा मी. शिवाय तेलाचा वास दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पडद्यांतून जात नाही. ओव्हनमध्ये आठ तुकडे एकदम होतात आणि मी सगळ्यांबरोबर जेवायला बसतो, एवढाच माझा स्वार्थ.

पहिल्या ट्रेची आठवण घरात अजून निघते. वरून क्रम्ब्स जसे लावले तसेच पांढुरके, खालून लगदा. मुलीने काट्याने वरचा थर अखंड उचलला, ताटात बाजूला ठेवला आणि म्हणाली, “बाबा, याचं पांघरूण निघालं.” आईने एक घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “हे भाजलंयस की उकडलंयस?”

मला तेव्हा राग आला, पण तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. मी मासा उकडलाच होता. पांढऱ्या मासळीत सुमारे ८० टक्के पाणीच असतं. ओव्हनमध्ये ते वाफ होऊन बाहेर पडतं आणि वाटेत क्रम्ब्स भिजवतं. थर ओला आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या वर फारसं जात नाही, आणि खरपूस रंग यायला साधारण १४० अंश तरी लागतात. तेलात हे घडतं, कारण गरम तेल थराला सगळीकडून भिडतं आणि पाणी झटक्यात उडवतं. ओव्हनमधली हवा त्यामानाने फारच आळशी. २ सेंटिमीटर जाडीचा तुकडा बारा-पंधरा मिनिटांत शिजून तयार होतो, आणि क्रम्ब्सना रंग यायला पंचवीस मिनिटंही पुरत नाहीत. म्हणजे रंगाची वाट पाहिली तर मासा कोरडाठाक, आणि मासा वेळेत काढला तर थर कच्चा. मी सुरुवातीला तापमान वाढवत गेलो. त्याने कडा करपल्या, मधलं पांघरूण तसंच राहिलं.

तोड निघाली ती साधी होती: क्रम्ब्स आधीच भाजून घ्यायचे. दोन वाट्या क्रम्ब्स, दोन टेबलस्पून तेल, चिमूटभर मीठ, जाड बुडाचं पॅन आणि मध्यम आच. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही आणि माणूस मोबाइल हातात घेतो. तो घेऊ नये, कारण तिसऱ्या मिनिटाला कडेचे कण तांबूस व्हायला लागतात आणि त्यानंतर रंग पटापट चढतो. टोस्टच्या रंगाला आले की लगेच ताटलीत ओतायचे. पॅनमध्येच ठेवले तर गॅस बंद केल्यावरही भाजत राहतात; माझी एक खेप अशीच कडू झाली. ओव्हनमध्ये हा रंग अगदी एखादी छटा गडद होतो, म्हणून थांबायचं ते आपल्याला हव्या त्या रंगाच्या किंचित अलीकडे. मी दोन आठवड्यांचे एकदम भाजतो आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवतो.

हे जमल्यावर एक गोष्ट उलगडली. तयार फ्रोझन ब्रेडेड फिले घरच्या ओव्हनमध्ये इतके छान तांबूस कसे होतात, याचं मला आधी फार कोडं होतं. ते बहुतेक वेळा कारखान्यातच थोडा वेळ तेलातून काढून मग गोठवलेले असतात. म्हणजे तीच युक्ती, फक्त आपल्याला न दिसलेली. तयार पाकीट वाईट असं मी म्हणणार नाही, घाईच्या दिवशी आम्हीही आणतो. पण मागची बाजू वाचावी. मासा किती टक्के हे लिहिलेलं असतं, आणि काही पाकिटांत आपण माशापेक्षा पिठाचेच पैसे जास्त मोजत असतो.

क्रम्ब्स कुठले, यावर मी दोन महिने प्रयोग केले. बारीक, वाळूसारखे क्रम्ब्स ओव्हनसाठी मला पटले नाहीत. ते एकमेकांना चिकटून घट्ट थर करतात, वाफेला वाट मिळत नाही आणि थर सादळतो. पांको, म्हणजे जपानी पद्धतीचे ब्रेडक्रम्ब्स, जास्त चांगले, कारण ते मोठे, हलके आणि सच्छिद्र असतात. पारंपरिक पद्धतीत त्यांचा ब्रेड ओव्हनमध्ये भाजत नाहीत, तर पिठाच्या गोळ्यातून वीज सोडून शिजवतात, त्यामुळे त्याला कडक कवच येतच नाही. ही माहिती वाचल्यावर मी ती चार जणांना सांगितली आणि चौघांनीही ऐकून सोडून दिली. पांको नसले तर शिळ्या ब्रेडच्या कडा काढायच्या, स्लाइस ओव्हनमध्ये १५० अंशांवर वाळवायचे आणि हातानेच जाडसर चुरायचे. मिक्सरला लावले की एका क्षणात पूड होते.

आता मासा. इथे मी सगळ्यात जास्त फसलो. स्वस्त मिळाले म्हणून एकदा फ्रोझन फिलेचं मोठं पाकीट आणलं. रात्रभर फ्रीजमध्ये वितळवलं, तर सकाळी भांड्यात तुकडे पाण्यात तरंगत होते. त्यातलं काही पाणी म्हणजे वरचा बर्फाचा मुलामा. गोठवलेल्या माशावर तो मुद्दाम चढवतात, म्हणजे मासा सुकत नाही. त्यामुळे एकूण वजन पाहण्यात अर्थ नाही, बर्फ वगळून किती वजन लिहिलंय ते पाहायचं. दुसरं, घटकांच्या यादीत ट्रायफॉस्फेट किंवा ई ४५१ असेल, तर तो मासा पाणी धरून ठेवण्यासाठी प्रक्रिया केलेला आहे. खायला तो चालतो. पण शिजताना ते पाणी सोडतो आणि वर रबरासारखा लागतो. ज्या यादीत फक्त मासा लिहिलंय, असाच मी आता घेतो. कॉड, हॅडॉक, तिलापिया, बासा हे सगळं करून पाहिलं. कॉड आणि हॅडॉकच्या पाकळ्या सुंदर सुटतात. बासा मऊ आणि ओलसर, त्याला पुसायला दुप्पट कागद लागतो.

व्हॅक्यूम पाकिटातला मासा फ्रीजमध्ये वितळवताना पाकीट आधी उघडावं किंवा मासा बाहेर काढावा. हवा नसलेल्या जागी वाढणारा आणि फ्रीजच्या थंडाव्यातही तग धरणारा, बोट्युलिझम ही जीवघेणी अन्नविषबाधा करणारा एक जीवाणू माशात असू शकतो. मी कित्येक महिने बंद पाकीटच फ्रीजमध्ये टाकत होतो. पाकिटावर बारीक अक्षरांत ही सूचना लिहिलेली असते, तीही मी खूप उशिरा वाचली.

वितळलेल्या फिलेवर दोन्ही बाजूंनी मीठ भुरभुरवून पंधरा मिनिटं जाळीवर ठेवतो. वर पाण्याचे थेंब येतात, ते किचन टॉवेलने टिपायचे. चोळायचं नाही, टिपायचं. कागद बदलून पुन्हा टिपायचं. तुकड्यावर बोट टेकवलं की ते थोडं चिकटल्यासारखं झालं पाहिजे, ओलं नाही. याच वेळी मधल्या रेषेवरून उलटं बोट फिरवून काटे शोधायचे आणि चिमट्याने काढायचे. शेपटीकडचा पातळ भाग खाली दुमडून घेतला की जाडी सगळीकडे सारखी होते. लिंबू आधी अजिबात पिळत नाही, ते जेवताना.

थर चिकटवायची नेहमीची पद्धत मैदा, अंडं, क्रम्ब्स. मैदा उरलंसुरलं पाणी धरतो, अंडं मैद्याला धरतं, क्रम्ब्स अंड्याला धरतात. माझं ‘पांघरूण’ निघायचं ते मैद्यामुळे. मी तो जाड थापत होतो, खाली त्याची खळ व्हायची आणि वरचं सगळं सुटून यायचं. मैदा लावून तुकडा झटकला की जेमतेम धुरकट दिसावा, इतकाच हवा. हल्ली मात्र रोजच्या घाईत मी मैदा-अंडं दोन्ही सोडून दिलंय. एक मोठा चमचा मेयॉनीज आणि अर्धा चमचा मोहरीची पेस्ट एकत्र करून वरच्या बाजूला आणि कडांना पातळ फासतो आणि भाजलेले क्रम्ब्स दाबतो. अंड्याच्या मेयॉनीजमध्ये तेल आणि अंडं दोन्ही असतंच. खालची बाजू कोरी सोडतो. खाली क्रम्ब्स लावून ते भिजवायचे, याला काही अर्थ नाही हे समजायला मला पाच महिने लागले. दोन्ही बाजूंना हवेच असतील, तर तुकडे लोखंडी जाळीवर ठेवून जाळी ट्रेमध्ये ठेवायची, म्हणजे खालून हवा खेळते. फरक खरोखर पडतो. पण ती जाळी घासणं हे या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात वाईट काम आहे. चौकटींत अडकलेला मासा आणि अंडं वाळलं की सिमेंट होतं.

ओव्हनबद्दल तक्रार आहेच. बटण २२० वर ठेवून मी महिनोन्महिने ‘२२० ला भाजतोय’ असं समजत होतो. मग आत ठेवायचा छोटा थर्मामीटर आणला, तो १९० दाखवत होता! प्रीहीटचा दिवा गेल्यावरही आणखी दहा मिनिटं थांबलं तर २०० च्या आसपास जातं. आता मी बटण पुढे ठेवतो आणि थर्मामीटरकडे बघतो. पंखा असलेल्या ओव्हनमध्ये २० अंश कमी धरावे. बटर पेपर वापरत असाल तर तो किती अंशांपर्यंत चालतो हे बॉक्सवर बघा; बऱ्याच कागदांची मर्यादा २२० च्या आसपासच असते.

वेळेसाठी एक जुना आडाखा आहे: सर्वांत जाड जागी दर अडीच सेंटिमीटरला दहा मिनिटं. आडाखा म्हणून ठीक, पण थर लावलेल्या माशाला माझ्याकडे त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून मी सुईचा थर्मामीटर वापरतो. कडेने आडवा घालून मध्यभागी ६३ अंश दाखवले की ट्रे बाहेर. अन्नसुरक्षेच्या मार्गदर्शनात माशासाठी हाच आकडा दिलेला असतो. एकदा फोन आला, बोलत बसलो आणि सुई ७६ वर गेली. तुकड्यांतून पांढरा फेस बाहेर आलेला, आत कापूस. माशात मांसासारखी चिवट जाळी फारशी नसते, त्यामुळे तो पटकन शिजतो आणि तितक्याच पटकन बिघडतो. थर्मामीटर नसेल तर जाड भागात काटा घालून हलकेच फिरवा. पाकळ्या अलगद सुटल्या आणि आतला काचेसारखा पारदर्शकपणा गेला, की झालं.

बाहेर काढल्यावर दोन मिनिटं जाळीवर, थेट ताटात नाही. ताटात ठेवला की खालची वाफ तिथेच कोंडते. सोबत उकडलेले बटाटे आणि मटार, दोन्ही मासा ओव्हनमध्ये असतानाच होतात. फ्रीजमधून मासा काढल्यापासून पस्तीस-चाळीस मिनिटांत जेवायला बसतो, त्यातला बराच वेळ मीठ लावून थांबण्यात जातो.

उरलेले तुकडे दोन दिवसांत संपवतो. मायक्रोवेव्हमध्ये गरम केले की थर वातड होतो. ओव्हनमध्ये २०० वर सात-आठ मिनिटं ठेवले तर बरे लागतात. जास्तीचे तुकडे कच्चेच थर लावून फ्रीझरमध्ये ठेवण्याचा बेतही केला. ताज्या माशाला तो जमतो, थेट फ्रीझरमधून ओव्हनमध्ये, वेळ साधारण दीडपट. एकदा गोठून वितळलेला मासा मात्र पुन्हा गोठवला तर भुसभुशीत होतो. घरचा फ्रीझर हळू गोठवतो, त्यामुळे बर्फाचे स्फटिक मोठे होतात, आतल्या पेशी फुटतात आणि वितळताना सगळं पाणी गळतं.

तळलेल्यासारखं लागतं का? नाही. तळलेल्या माशाचा थर दाताखाली फुटतो, याचा चुरा होतो. आईच्या मते हा ‘वेगळा पदार्थ’ आहे. तिच्या तोंडून हे कौतुक की शेरा, ते मी अजून विचारलेलं नाही. गेल्या शुक्रवारी तिने दुसरा तुकडा घेतला. शेपटीकडचा दुमडलेला, जास्त खरपूस तुकडा मुलगी ट्रे टेबलावर यायच्या आतच ‘माझा’ म्हणून सांगून ठेवते, आणि जाळी आत्ता हे लिहितानाही सिंकमध्ये भिजत पडली आहे.